रिस्टोअर झाल्यानंतर : प्रस्तावना

कॉम्प्युटर बंद पडला तर काय करावं हे सांगणारी माणसं अमरावतीत हवी तेवढी आहेत. राजापेठ चौकातून राजकमलकडे निघालं की रस्त्यात दुकानं लागतच जातात, आणि त्यातल्या कुठल्याही दुकानात संध्याकाळपर्यंत विंडोज टाकून मिळते. अडचण त्याच्या पुढची आहे. बॅकअप होता, इमेज व्यवस्थित परत टाकली, मशीन सुरू झालं, डेस्कटॉपवरचा लेकराचा फोटोसुद्धा जागच्या जागी आला, आणि तरी काम होत नाही. मग फोन येतो, "भाऊ, सुरू तं झाला, पण टॅली उघडून नाही राह्यली." नाहीतर, "नेट चालते, पण जीएसटीची साइट उघडून नाही राह्यली, काहून?" अशा फोनांना उत्तर देता यावं म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

आधी इमेजबद्दल थोडं. फायली कॉपी करून ठेवणं वेगळं आणि डिस्कची इमेज घेणं वेगळं. इमेजमध्ये फायलींबरोबर विभाजनं, बूटचा भाग, विंडोज, ड्रायव्हर, रजिस्ट्री, बसवलेले सगळे प्रोग्रॅम असं सारं त्या दिवशी जसं होतं तसं उचललेलं असतं. आपल्याकडच्या दुकानांत अजूनही 'घोस्ट मारला' असं म्हणतात. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी १९९५ च्या सुमारास घोस्ट लिहिलं, १९९८ मध्ये ते सिमँटेककडे गेलं, २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री थांबली. नाव मात्र राहिलं. आज हातात क्लोनझिला असेल, अ‍ॅक्रॉनिस असेल, मॅक्रियम असेल. बोलताना तो घोस्टच. वऱ्हाडात ही पद्धत रुजली त्याला कारण होतं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, यूपीएसची बॅटरी दमलेली असायची, आणि चालू मशीनची वीज गेली की विंडोज मोडायची. सायबर कॅफेवाल्याला किंवा कॉलेजच्या लॅबवाल्याला दर वेळी तासन्‌तास बसून सगळं नव्यानं टाकणं परवडणारं नव्हतं. इमेज परत टाकायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरायचा.

त्या सोयीमुळे एक समज पक्का झाला, की इमेज परत टाकली म्हणजे कॉम्प्युटर त्या दिवसाला परत गेला. हा समज अर्धाच खरा आहे, आणि या पुस्तकातलं प्रत्येक दुखणं उरलेल्या अर्ध्यातून निघतं. मागे जाते ती फक्त डिस्क. मदरबोर्ड मागे जात नाही, त्याच्यावरच्या चिपमध्ये साठवलेल्या नोंदी मागे जात नाहीत, ऑफिसातला सर्व्हर मागे जात नाही, लायसन्स देणाऱ्या कंपनीकडची नोंद, जीएसटीचं पोर्टल, बँक, घड्याळ, यातलं काहीच मागे जात नाही. बरीच वर्षं परमुलखात राहून आलेला माणूस जुनी किल्ली घेऊन दाराशी उभा राहतो आणि कुलूप मधल्या काळात बदललेलं असतं, तशी त्या मशीनची गत होते. किल्ली चांगली आहे आणि कुलूपही चांगलं आहे. म्हणून रिस्टोअरनंतर बिघाड शोधताना माझा पहिला प्रश्न 'काय मोडलं?' हा नसतो. या मशीनमधलं काय मागे गेलं आणि काय आजच्याच तारखेला राहिलं, हे मी आधी विचारतो. दोन्हींचा जिथे सांधा आहे तिथे बिघाड सापडतो.

सर्वांत सोपं उदाहरण बूटचं. नव्या, म्हणजे यूईएफआय पद्धतीच्या मशीनमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' ही नोंद डिस्कवर नसते, ती मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. इमेज कितीही नीट घेतली तरी ती नोंद इमेजमध्ये येणारच नाही, कारण ती डिस्कवर नव्हतीच. नव्या बोर्डावर तीच डिस्क लावली की काही वेळा मशीन म्हणतं, बूट करण्यासारखं काही सापडत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं इमेज खराब निघाली. प्रत्यक्षात पेनड्राइव्हवरून सुरू करून बीसीडीबूटची एक ओळ चालवली की नोंद पुन्हा तयार होते. त्याच्या शेजारचं दुखणं म्हणजे इमेज जुन्या एमबीआर पद्धतीची आणि बोर्ड फक्त यूईएफआय जाणणारा. तिथे डिस्क जीपीटीमध्ये बदलून घ्यावी लागते.

निळा पडदा आणि त्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं आलं तर बहुतेक वेळा डिस्क चांगली असते. इमेज घेतली तेव्हा बायोसमध्ये कंट्रोलर एका पद्धतीवर होता, आता दुसऱ्यावर आहे. आयडीई आणि एएचसीआय यांच्यातला हा जुना घोळ आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी चालू असतं, त्यानं याच घोळाचं नवं रूप आणलं. बायोस रीसेट झाला, बॅटरी काढली-घातली, तरी ही सेटिंग बदलते. काही वेळा मशीन सुरू होतं, पासवर्ड घेतं आणि डेस्कटॉप रिकामा दाखवतं. कोणतं विभाजन 'सी' हे विंडोज डिस्कच्या सहीवरून लक्षात ठेवते, आणि नव्या डिस्कची सही वेगळी निघाली की तिचं सी ड्राइव्ह डी होऊन बसतं. जुनी डिस्क आणि तिची क्लोन दोन्ही एकाच वेळी जोडून सुरू करण्याची घाई यासाठीच करू नये. दोघींची सही सारखी असली तर विंडोज एकीला बाजूला काढते, आणि कधीकधी तिची सही बदलून टाकते.

विंडोज ७ च्या इमेजा अजून वजनकाट्याच्या, जिनिंगच्या आणि जुन्या मशिनरीच्या कॉम्प्युटरांत जपून ठेवलेल्या आहेत. विंडोज ७ चा अधिकृत आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, पण ज्या सॉफ्टवेअरवर कारखाना चालतो ते दुसऱ्या विंडोजवर चालत नाही म्हणून मालकाचा नाइलाज असतो. हीच इमेज २०१५ नंतरच्या बोर्डावर टाकली की लॉगिनचा पडदा येतो आणि माउस-कीबोर्ड हलत नाहीत. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून जुना यूएसबी कंट्रोलर निघून गेला आणि विंडोज ७ मध्ये नव्याचा ड्रायव्हर नाही. पीएस-२ चा एक जुना कीबोर्ड दुकानात जपून ठेवावा, बोर्डाला ते पोर्ट असलं तर तो त्या दिवशी वाचवतो. इंटरनेटचीही तीच कथा. क्रोम विंडोज ७ वर १०९ क्रमांकाच्या पुढे जात नाही, त्यामुळे 'नेट चालते पण साइट उघडत नाही' या तक्रारीत नेट दोषी नसतं. तिथे नव्या विंडोजवरचं दुसरं मशीन साइटसाठी ठेवावं, हाच माझा सल्ला. काट्याचं मशीन नेटवर नेऊच नये.

घड्याळाचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण तो सगळ्यात आधी तपासा. बोर्डावरची सीआर २०३२ ची गोल बॅटरी तीन व्होल्टची असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, बंद खोलीत वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनमध्ये ती संपली की तारीख मागे जाते आणि सुरक्षित साइट एकही उघडत नाही. रिस्टोअर करताना मशीन बराच वेळ विजेपासून तोडलेलं असतं, नेमकी तेव्हाच मरायला टेकलेली बॅटरी हात टेकते. दोष इमेजच्या माथी बसतो.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पुस्तक खरोखर लिहावंसं वाटलं तिच्याकडे येतो. राजापेठेत हिशेबाची कामं करणाऱ्यांची ऑफिसं पुष्कळ, आणि त्यातल्या बहुतेकांचा जीव टॅलीत अडकलेला. इमेज वेगळ्या बोर्डावर परत टाकली तर टॅलीचं लायसन्स नव्या हार्डवेअरशी जुळत नाही आणि टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी घेता येतात. ऑफिसातला पोरगा घाबरून सांगतो, डेटा गेला. डेटा गेलेला नसतो, लायसन्स पुन्हा चालू करायचं असतं, त्यासाठी ज्या ईमेलवर ते नोंदलेलं आहे तो ईमेल कोणाचा आहे हे माहीत असावं लागतं. बऱ्याच ठिकाणी तो सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो.

याहून मोठं संकट गुपचूप येतं. समजा इमेज दहा तारखेची आहे आणि डिस्क पंचवीस तारखेला गेली. टॅलीचा डेटा सी ड्राइव्हमध्येच होता, तोही दहा तारखेला गेला. मधल्या पंधरा दिवसांत बिलं फाडली गेली, माल गेला, पावत्या व्यापाऱ्यांच्या हातात पोहोचल्या, काही बिलांची माहिती पोर्टलवर चढली. मशीन सुरू झाल्यावर टॅली पुढचा बिल नंबर देते, तो दहा तारखेच्या पुढचा, म्हणजे आधीच वापरलेला. जीएसटीच्या नियमानुसार एका आर्थिक वर्षात बिलाचा नंबर दुसऱ्यांदा येता कामा नये. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे बिल काढताना ई-इन्व्हॉइस काढावं लागतं, तिथे पोर्टल तरी दुबार नंबर नाकारतं. लहान व्यापाऱ्याला कोणी अडवत नाही. चूक वर्षअखेरीला, ताळा बसेना तेव्हा उघडी पडते. म्हणून रिस्टोअर झाल्यावर टॅलीत पहिली नोंद करण्याआधी शेवटचं छापील बिल हातात घ्या आणि नंबर जुळवा. हे काम मेकॅनिकचं नाही असं कोणी म्हणेल. मला ते मेकॅनिकचंच वाटतं, कारण डिस्क किती दिवस मागे गेली हे त्या खोलीत फक्त त्यालाच ठाऊक असतं.

जगभर ३१ मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळतात, २०११ पासून. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपतं आणि कोणाला मान वर करायला फुरसत नसते. निदान एक एप्रिलला घ्या.

छापखान्यांचं दुखणं वेगळं आहे. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं अजून श्रीलिपीत जुळवली जातात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर पिढ्यान्‌पिढ्यांच्या ऑपरेटरांच्या हातात बसलेलं आहे. त्याचं जुनं डोंगल प्रिंटरच्या पोर्टात बसायचं. इमेज परत आली, फाँट सगळे आले, प्रोग्रॅमही आला, पण नव्या बोर्डाला ते पोर्टच नाही. आणि इमेज घेतल्यानंतर बसवलेला एखादा फाँट नसला तर त्यातल्या जुन्या फायली उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा बुजबुजाट दिसतो, कारण ते युनिकोड नाही, अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली आहेत. फाइल सुखरूप असते. घाबरून ती 'दुरुस्त' करून सेव्ह करू नका. टेंडर भरणाऱ्यांच्या डिजिटल सहीच्या टोकनचं असंच : सही टोकनमध्ये सुरक्षित आहे, ड्रायव्हर मात्र इमेजच्या तारखेचा, म्हणून साइट टोकन ओळखत नाही.

नव्या लॅपटॉपांत सुरक्षेची गुपितं टीपीएम नावाच्या चिपमध्ये राहतात. ती डिस्कबरोबर प्रवास करत नाहीत. चार आकडी पिन चालेनासा होतो, मूळ पासवर्ड लागतो, आणि तो कोणाला आठवत नाही. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बसले. एक फाइल पुसली की मशीन उठत होतं, पण ज्यांची डिस्क बिटलॉकरनं बंद होती त्यांना आधी ती की शोधावी लागली. ती की त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर जपून ठेवलेली असली तर तिचा उपयोग नाही. कागदावर लिहा आणि तिजोरीत ठेवा.

हे सगळं छोट्या ऑफिसांचं झालं. मोठ्यांचं वेगळं असेल असं समजू नये. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क ही जगातली अवाढव्य जहाज कंपनी काही तासांत आंधळी झाली. आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं, त्याच समूहातल्या कंपनीकडून चालवलं जाणारं टर्मिनल थांबलं, कंटेनर रांगेत उभे राहिले. मर्स्ककडे सर्व्हरांचे बॅकअप होते. पण कोण कर्मचारी, कोणतं मशीन, कोणाला कुठे प्रवेश, ही सगळी ओळख ज्या डोमेन कंट्रोलरांत होती त्यांचा वेगळा बॅकअप नव्हता. जगभर सुमारे दीडशे कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून एक गेला तर दुसरा आहेच, अशी खात्री होती. सगळे एकदम गेले. एक वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला, आणि तो वाचला कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. तिथलं नेट संथ होतं, म्हणून डिस्क माणसाच्या हातानं विमानातून इंग्लंडला पोहोचवावी लागली. मग दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० अ‍ॅप्लिकेशन नव्यानं उभी केली गेली; हे आकडे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोसला जाहीरपणे सांगितले.

मला या प्रकरणात विजेच्या योगायोगापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मशीन परत आणता येत होती, पण ती एकमेकांना ओळखत नव्हती. हेच आपल्या कॉलेजांत आणि सहकारी संस्थांत लहान प्रमाणावर घडतं. डोमेनमधला कॉम्प्युटर दर ३० दिवसांनी सर्व्हरशी आपला गुप्त पासवर्ड बदलतो, कोणाला न सांगता. दोन-तीन महिन्यांपूर्वीची इमेज टाकली की त्याच्याकडे जुना पासवर्ड असतो, सर्व्हरकडे नवा, आणि 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश येतो. विंडोज पुन्हा टाकण्याचं काही कारण नाही. लोकल अ‍ॅडमिननं आत जाऊन दोघांची ओळख पुन्हा करून द्यायची, दहा मिनिटांचं काम आहे. मात्र लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत हवा.

लॅबच्या बाबतीत एक जुना सल्ला आता बदलावा लागतो. एका मशीनची इमेज तीस मशीनवर मारली की सगळ्यांचा अंतर्गत ओळख क्रमांक, म्हणजे एसआयडी, सारखा होतो. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये स्पष्ट केलं होतं की याची एवढी धास्ती घेण्याचं कारण नाही, आणि अनेकांनी सिसप्रेप करणं, म्हणजे इमेज घेण्याआधी हा क्रमांक काढून टाकणं, सोडून दिलं. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत हे तपासलं जाऊ लागलं, आणि सारख्या एसआयडीची मशीन एकमेकांचे फोल्डर उघडू देईनात. काल चालणारी लॅब आज का अडली, याचं उत्तर कित्येक वर्षांपूर्वी घेतलेल्या इमेजमध्ये होतं. सिसप्रेप केल्याशिवाय एका इमेजवरून अनेक मशीन करू नका.

दुकानांतल्या माझ्या सहकाऱ्यांशी माझा एका बाबतीत पक्का मतभेद आहे. रिस्टोअरनंतर काही अडलं की 'इमेजच खराब होती, फॉरमॅट मारून टाकू' हे वाक्य फार लवकर तोंडातून निघतं. त्यानं गिऱ्हाइकाचे दोन हजार वाचत नाहीत, उलट त्याचे ड्रायव्हर, सेटिंग आणि कधीकधी एकमेव डेटा जातो. आणि बिघाड नव्या विंडोजवरही तसाच राहतो, कारण तो डिस्कच्या बाहेर होता. याहून वाईट म्हणजे मोडक्या डिस्कवरच जुनी इमेज ओतणं. डिस्क सुरू होत नसली तरी तिच्यावर इमेजनंतरच्या दिवसांचं काम पडलेलं असतं. इमेज परत टाकण्याआधी त्या मोडक्या डिस्कचीच, जशी आहे तशी, एक इमेज दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली पाहिजे. अर्धा दिवस लागला तरी लागू द्या. गिऱ्हाईक घाईत असतं, त्याला समजावून सांगणं हाही आपल्या कामाचाच भाग आहे.

पुस्तकातली प्रकरणं या क्रमानं लावली आहेत : आधी मशीन उठत नाही ते, मग उठतं पण ओळखत नाही ते, शेवटी सगळं ठीक दिसतं आणि हिशेब चुकतो ते. तिसऱ्या भागाला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत. मेलेल्या डिस्कमधून डेटा काढण्याचं शास्त्र वेगळं आहे, ते इथे नाही. मॅकबद्दलही इथे काही नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांत दुकान चालवणाऱ्या, लॅब सांभाळणाऱ्या आणि नुकतेच आयटीआय करून या धंद्यात आलेल्या मुलामुलींच्या हाती हे पुस्तक जावं, असं मनापासून वाटतं.

वाचायला बसण्याआधी एक काम मात्र आजच करा. तुमच्याकडे गिऱ्हाइकांच्या जेवढ्या इमेजा पडून आहेत, त्या प्रत्येकीच्या डब्यावर किंवा फोल्डरच्या नावात तीन गोष्टी लिहा : इमेज घेतल्याची तारीख, बोर्डाचा मॉडेल नंबर आणि बायोस कोणत्या पद्धतीवर होता ते. मग त्यातली एक इमेज फालतू पडलेल्या डिस्कवर टाकून ती खरोखर सुरू होते का, ते बघा.